वृद्धांचा रक्तदाब : एकदा पाहणे आणि पाळतीवर ठेवणे

आषाढी एकादशीस पंढरपुरी पोहोचलेले अनेक वारकरी पंधरा दिवसांनी, आषाढ वद्य एकादशीस, नरसी नामदेव येथे येतात. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे हे गाव संत नामदेव महाराजांचे जन्मस्थान म्हणून सर्वश्रुत असून, येथील परतवारीचा मेळा या भागातील भाविकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. या मेळ्यात साठी-सत्तरी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा असतो. दर्शन आटोपले की त्यांतील कित्येक जण दवाखान्याच्या किंवा मेडिकल दुकानाच्या पायरीवर टेकतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, जरा बीपी बघा." आम्ही दंडाला पट्टी गुंडाळतो, आकडा सांगतो. "बरं आहे ना?" एवढे विचारून ते चालू लागतात. तो आकडा कोठे लिहिला जात नाही. आदल्या महिन्यात किती होता हे कोणी विचारत नाही. पुढच्या महिन्यात किती असेल याची चिंता कोणी वाहत नाही.

उच्च रक्तदाब असलेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत आपण सर्व जण, वैद्य आणि औषधविक्रेते दोघेही, दाब 'पाहतो'. पण तो 'पाळतीवर ठेवत' नाही. या दोहोंतील अंतर किती महागात पडू शकते, हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक येथे प्रथम मांडणे आम्हांस आवश्यक वाटते; अन्यथा पुढील उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार राहणार नाही.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी ७४ वर्षांचे एक वारकरी शेतकरी निद्रानाश व शिरःशूल या तक्रारी घेऊन आमच्याकडे आले. शहरातील एका डॉक्टरांच्या दाबाच्या दोन गोळ्या त्यांना चालू होत्या. ते उन्हातून चालत आले होते. आल्या आल्या आम्ही दाब घेतला; तो १६४/९० भरला. एवढ्या एका मापनावर विसंबून आम्ही त्यांच्या गोळ्यांच्या जोडीस सर्पगंधा घनवटी दिली. पंधरा दिवसांनी बसलेल्या स्थितीत दाब १३८/८२ आला. झोपही सुधारली होती. आम्ही समाधान पावलो.

दोन महिन्यांनी ते म्हणू लागले, "उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते." आम्ही त्याचे निदान भ्रम असे केले, पित्ताचा अनुबंध मानला आणि त्यानुसार औषध दिले. त्यांना उभे करून दाब घेण्याचे आम्हांस सुचले नाही. पुढे एका एकादशीस, निर्जळी उपवासात, पहाटे काकड आरतीस जाण्यासाठी ते अंथरुणावरून उठले, भोवळ येऊन पडले आणि खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात जेव्हा त्यांना बसते करून दाब पाहिला गेला, तेव्हा वरचा आकडा शंभराच्या खाली उतरत असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली, प्राण वाचले. पण पायी वारी कायमची सुटली. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. तो आम्ही स्वतःस देतो. चुकीचे मापन, त्यावरून वाढविलेले औषध, आणि त्यानंतर न केलेले मापन, अशा तीन चुका एकाच रुग्णात आमच्या हातून घडल्या होत्या.

मापन परके आहे काय?

'यंत्राचा आकडा म्हणजे आयुर्वेद नव्हे. आम्ही नाडी पाहतो' असे म्हणणारे मित्र आपल्यात आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही दोन गोष्टी त्यांच्या निदर्शनास आणू इच्छितो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील द्रव भावांचे अंजलिप्रमाण दिले आहे. रक्त आठ अंजली, पित्त पाच अंजली असे. आणि ही अंजली त्या त्या पुरुषाच्या स्वतःच्या हाताची धरावयाची आहे. म्हणजे मोजणे तर शास्त्रसंमत आहेच. शिवाय ज्याचे त्याचे प्रमाण ज्याच्या त्याच्यापुरते पाहावे, हा विवेकही त्यात आहे. दुसरे असे, की ज्या नाडीपरीक्षेचा आपण अभिमान बाळगतो तिचे सविस्तर वर्णन चरक-सुश्रुतांत नाही. ते शार्ङ्गधरसंहितेत येते. नवे परीक्षासाधन उपयुक्त ठरताच आपल्या परंपरेने ते स्वीकारले आणि इतके आत्मसात केले, की आज ते नसलेला वैद्य कल्पनेतही येत नाही. इटलीतील रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडपट्टीचे साधन आणले आणि रशियातील शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीतील ध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत दिली. सव्वाशे वर्षे जुन्या झालेल्या या परीक्षेला परके म्हणण्यात आता अर्थ नाही.

आपल्याच औषधाला जगात मान मिळाला तो मोजण्यामुळेच, हेही विसरता येत नाही. सर्पगंधेच्या दाब उतरविण्याच्या गुणाकडे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लक्ष वेधले होते. पण पाश्चात्त्य वैद्यकाने तिची दखल घेतली ती मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांचे दाब औषधापूर्वी व औषधानंतर काटेकोर मोजून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. हा इतिहास आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. मात्र ज्या शिस्तीने ती वनस्पती जगापुढे आली, ती शिस्त सर्पगंधा देताना आपल्यापैकी कितीजण पाळतात? आम्ही पाळली नव्हती, हे वर आलेच आहे. मंद नाडी, तंद्रा, नाक चोंदणे, मनाची उदासी हे तिचे दोष वृद्धांत विशेष त्रासदायक ठरतात. अन्य दाबशामक गोळ्यांच्या सोबतीने दाब व नाडीगती प्रमाणाबाहेर उतरू शकतात. म्हणून ज्या वृद्धाचा दाब आपण नियमित मोजू शकत नाही, त्यास सर्पगंधा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

वृद्ध शरीर वेगळे कसे?

वार्धक्य हा वाताचा काळ. धमन्यांत रौक्ष्य व काठिण्य वाढते, ही आपली भाषा. धमन्यांची लवचिकता कमी होते, ही आधुनिकांची. परिणाम एकच. वरचा दाब चढत जातो, खालचा स्थिर राहतो किंवा उतरतो. १७०/७० असा आकडा पाहून 'खालचा तर छान आहे' म्हणणे ही चूक होय. वृद्धांत पक्षाघाताचा धोका वरच्याच आकड्याशी अधिक निगडित असतो. आणि 'वयाबरोबर दाब वाढायचाच, म्हाताऱ्याला गोळी कशाला' ही समजूतही खरी नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हायव्हेट' या अभ्यासात ८० वर्षांवरील ३,८४५ रुग्ण होते. त्यांत दाबाचे औषध घेणाऱ्यांतील मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळले. तेथे उद्दिष्ट १५०/८० असे बेताचे ठेवले होते. म्हणजे फार उतरवा असेही नाही, सोडून द्या असेही नाही. हा मध्यम मार्ग आकडे हाती असल्यावाचून चालता येत नाही.

त्यात उठताना दाब सावरण्याची शरीराची शक्तीही वृद्धांत क्षीण झालेली असते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष समजावा. अशा रुग्णाच्या बसलेल्या स्थितीतील सुंदर आकड्यावर विश्वास ठेवू नये.

मापनाची रीत

ही रीत सर्वांना ठाऊक आहे, परंतु गर्दीच्या दवाखान्यात ती पाळली जात नाही. म्हणून पुनरुक्तीचा दोष पत्करून देत आहोत.

१) मापनापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी व श्रम वर्ज्य. लघवीस जाऊन आल्यावर रुग्णास पाच मिनिटे स्वस्थ बसवावे. पाठीस टेका, पावले जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर व आधारावर, बोलणे बंद.

२) पट्टी उघड्या दंडावर बांधावी. कृश वृद्धाला मोठी किंवा स्थूलास लहान पट्टी लावल्यास आकडा फसवितो. प्रथम भेटीत दोन्ही हातांचा दाब घ्यावा व पुढे जास्त भरणारा हात कायम धरावा.

३) यंत्राआधी नाडी पाहावी. येथे वैद्याच्या बोटांचे मोल कळते. नाडी विषम असेल तर स्वयंचलित यंत्र चुकू शकते. अशा वेळी दाब कानाने ऐकून, तीन वेळा घ्यावा. कानाने ऐकताना हवा भरत असता मनगटाची नाडी कोठे लुप्त होते ते बोटांनी पाहावे आणि त्याच्यावर आणखी ३० पर्यंत पट्टी फुगवावी. वृद्धांत ध्वनी मध्येच काही अंतर नाहीसे होऊन पुन्हा येतात. नाडी न पाहिल्यास वरचा आकडा खोटा कमी मिळतो.

४) एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन मापने घ्यावीत. आकडा गोल करू नये. ज्या वहीत प्रत्येकाचा दाब १३०/८० असतो, त्या वहीत मापन नसते, सवय असते.

५) त्यानंतर उभे करून पहिल्या व तिसऱ्या मिनिटास दाब घ्यावा. रुग्णामागे आधारास कोणी उभे असावे. औषध नवे असेल, बदलले असेल किंवा भोवळीची तक्रार असेल, तर हे मापन कदापि टाळू नये.

६) काहींचा दाब केवळ दवाखान्यात चढतो, काहींचा केवळ घरी. ज्यांच्या घरी दंडावरचे यंत्र आहे त्यांना सकाळी व सायंकाळी दोन-दोन वेळा, असे सात दिवस मोजून लिहून आणण्यास सांगावे. पहिला दिवस वगळून सरासरी काढावी. घरची सरासरी १३५/८५ किंवा अधिक असल्यास ती वाढलेली समजावी. दवाखान्यात हीच मर्यादा १४०/९० धरतात.

पाऱ्याच्या यंत्रावर ज्यांचा हात बसला आहे त्यांना ते सोडणे जड जाते. तथापि पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला असून, त्यात अशा यंत्रांची निर्मिती व आयात थांबविण्यासाठी २०२० ही मुदत होती. चांगले प्रमाणित इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊन ते वेळोवेळी पडताळून घेणे हाच मार्ग आहे.

ऋतू, उपवास आणि मीठ

आकडा मोजणे हे यंत्राचे काम. तो का बदलला हे ओळखणे वैद्याचे. मराठवाड्याच्या वैशाखात घाम व जलक्षय यांमुळे दाब उतरतो, थंडीत चढतो. हिवाळ्यात ठरविलेली मात्रा भर उन्हाळ्यात तशीच चालू राहिली आणि त्यात मूत्रल गोळी असली, तर भोवळ ठरलेली. वृद्धाचा दाब या दोन ऋतुसंधींना मुद्दाम मोजावा, ही आमची आग्रहाची सूचना आहे. ऋतुचर्या सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांना हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

नरसीसारख्या गावात एकादशी हा तर स्वतंत्र विचाराचा विषय. "माय, एकादशीला गोळी घेता का?" असे विचारले की उत्तर येते, "उपवासाला नाही चालत." काही जणी गोळी सोडतात, काही पाणीही सोडतात. पहिल्यांचा दाब चढतो, दुसऱ्यांचा उतरतो. आम्ही आता प्रत्येक वृद्ध रुग्णास उपवासाविषयी विचारतो, गोळी पाण्याबरोबर घेतल्याने व्रतभंग होत नाही असे समजावतो आणि मूत्रल औषध घेणाऱ्यास निर्जळीपासून परावृत्त करतो. कीर्तनकार महाराजांनी हे दोन शब्द फडावर सांगितले, तर आमच्या दहा सल्ल्यांपेक्षा त्यांचा परिणाम अधिक होईल.

उपवासाच्या पानात सैंधव असते, आणि 'सैंधव दाबाला चालते' असे आपल्यातीलच कित्येक जण सांगतात. सैंधव लवणांत श्रेष्ठ खरे, पण तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच आहे; मुक्तहस्ताने खाल्ल्यास दाबाचा विचार करता त्याला सवलत नाही. पिप्पली, क्षार व लवण या तीन द्रव्यांचा अतिवापर करू नये, असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. ठेचा, लोणचे व पापड यांची भाकरीला जोड असलेल्या घरात ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. म्हणून औषधाची मात्रा वाढविण्यापूर्वी ताटाची चौकशी व्हावी.

औषधविक्रेते मित्रांस

आपल्या दुकानात वृद्ध गिऱ्हाईक वैद्याकडे येते त्याहून अधिक वेळा येते. त्यामुळे आपली जबाबदारीही थोडी थोडकी नाही. चार वस्तूंबाबत आम्ही विनंती करतो. पहिली, ज्येष्ठमध. खोकल्यासाठी चार दिवस ठीक. परंतु त्यातील ग्लायसिऱ्हायझिन शरीरात सोडियम व पाणी धरून ठेवते, पोटॅशियम घालविते आणि दाब वाढविते. मूत्रल गोळी चालू असलेल्यात पोटॅशियमची घट अधिक धोकादायक होते. आम्लपित्तासाठी महिनोन्महिने यष्टिमधू चूर्ण नेणाऱ्या वृद्धास दाबाविषयी अवश्य विचारावे. दुसरी, लवणभास्कर चूर्ण. त्यात एकाहून अधिक लवणे आहेत हे नावच सांगते. तिसरी, गुडघेदुखीच्या गोळ्या. आधुनिक वेदनाशामके दाब चढवितात, दाबाच्या गोळ्यांचा गुण कमी करतात व मूत्रपिंडास इजा करू शकतात. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, निर्मात्याचे नाव नसलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संभव असतो. त्या पुड्या दुकानात ठेवूच नयेत. चौथी, सर्पगंधेचे कल्प. ते वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. यात चार पैशांचे नुकसान आहे हे आम्ही जाणतो. परंतु दुकानाच्या फळीवरील विश्वासाची किंमत त्याहून अधिक आहे.

काउंटरवर दाबाचे यंत्र असेल तर शेजारी एक खुर्ची व एक पेन असू द्यावे. खुर्ची पाच मिनिटांच्या विश्रांतीसाठी, आणि पेन आकडा रुग्णाच्याच कागदावर तारखेसह लिहून देण्यासाठी.

गोळी कोणी बंद करावी?

'आमच्या औषधाने दाब उतरला, आता इंग्रजी गोळी बंद करा' हे वाक्य आपल्या व्यवसायाला सर्वांत अधिक बाधक ठरले आहे. दाब नियंत्रणात आला तो गोळीमुळेच असेल, तर ती सोडताच काही दिवसांत पुन्हा चढतो. आणि या व्याधीला पूर्वरूप नसल्याने रुग्णास पहिली सूचना पक्षाघाताचीच मिळते. काही गोळ्या एकाएकी थांबविल्यास दाब उसळतो किंवा हृदयशूल बळावतो. गोळी कमी करणे काही वृद्धांत आवश्यकही असते. आमच्या त्या रुग्णात ते होतेच. पण तो निर्णय लिहिलेल्या आकड्यांच्या आधारे, गोळी देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून व्हावा. उभ्याचा दाब उतरत असल्याची आपली नोंद घेऊन रुग्ण त्यांच्याकडे गेला, तर कोणताही समंजस डॉक्टर तिची दखल घेईल. आणि दाब १८०/१२० च्या वर असून सोबत छातीत वेदना, श्वासकष्ट, वाचास्खलन किंवा अर्ध्या अंगाची दुर्बलता असेल, तर तेथे वनस्पतीची चर्चा न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

वेळ कोठून आणावा?

'एका रुग्णामागे पंधरा मिनिटे कशी द्यावीत?' हा आक्षेप खोटा नाही. ग्रामीण वैद्यास फी अल्प मिळते, आणि रुग्णास बसवून ठेवले तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो, हेही खरे. यावर आमचा अनुभव असा, की सर्वांसाठी हे करावे लागत नाही. साठीपुढील व दाबाची गोळी चालू असलेले रुग्ण वेगळे काढावेत आणि त्यांना आठवड्यातील एक सकाळ, बाजाराचा दिवस टाळून, नेमून द्यावी. औषध नवे किंवा बदललेले असेल तर दरमहा आणि दाब स्थिरावल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. एवढे प्रत्येक दवाखान्यास झेपण्याजोगे आहे.

हे शक्य आहे याचा दाखला आपल्याच राज्यात मिळतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे आरंभी होते. त्या उपक्रमाचे बळ महागड्या तपासण्यांत नव्हते. प्रत्येक रुग्णाची नोंद, ठरलेली औषधे, घराजवळ पुनर्तपासणी आणि न आलेल्यास बोलावणे, एवढीच त्याची सूत्रे होती. आज बी.ए.एम.एस. झालेले आपले कितीतरी तरुण सहकारी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांत हेच काम करीत आहेत. त्यांच्याकडून शिकण्यात ज्येष्ठांनी कमीपणा मानू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यासाठी त्यांना औषध चालू होते. वृद्धांत हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक असणार हे उघड आहे. एवढा मोठा समुदाय आपल्या पायऱ्यांवर रोज येऊन टेकत असता आपण त्याला आकडा सांगून निरोप द्यावा, हे वैद्यास शोभणारे नाही.

आमची संघटनेस सूचना अशी, की एका पानाचे 'दाबपत्रक' छापून प्रत्येक सभासद दवाखान्यास व औषध दुकानास पुरवावे. त्यात तारीख, नाडी, बसलेल्या व उभ्या स्थितीतील दाब, चालू असलेली सर्व औषधे, म्हणजे आपली, डॉक्टरांची व दुकानातून परस्पर आणलेली, आणि उपवास एवढेच रकाने असावेत. पत्रक रुग्णाच्या हाती राहावे. तो कोणाकडेही गेला तरी ते त्याच्यासोबत जावे. पुढील परतवारीस नरसीच्या मेळ्यात दाब तपासण्यास आम्ही बसू, तेव्हा तोंडी आकडा सांगावयाचा नाही, प्रत्येक वृद्धाच्या हाती हे पत्रक द्यावयाचे, असा आमचा निश्चय आहे. ज्या सभासदांना त्या दिवशी येणे शक्य असेल त्यांनी आपले यंत्र व एक खुर्ची घेऊन अवश्य यावे.

आमचे ते जुने रुग्ण आजही काठी टेकत दर महिन्याला येतात, पाच मिनिटे मुकाट्याने बसतात आणि मग स्वतःच म्हणतात, "आता उभ्याचा घ्या." जे त्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगावयास हवे होते, ते आता तेच आम्हांस सांगतात.